सुरक्षित एसएनएमपी मॉनिटरिंग: सर्व्हर, स्विच आणि राउटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर आणि स्विचचं मॉनिटरिंग लावून देणं हे माझं रोजचं काम. फोनवर, व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. यातलं बरंचसं एसएनएमपीबद्दल आहे, कारण स्विच, राउटर, प्रिंटर, यूपीएस, लिनक्स सर्व्हर या सगळ्यांना कळणारी भाषा तीच एक आहे. मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते असं की मॉनिटरिंगला फक्त बघायचं असतं, मग त्याला हक्कही फक्त बघण्यापुरताच द्या, आणि तोही जेवढं बघायचंय तेवढ्यापुरताच.

एसएनएमपी म्हणजे थोडक्यात काय?

मॉनिटरिंग सर्व्हर दर मिनिटाला किंवा दर पाच मिनिटांनी डिव्हाइसला विचारतो की पोर्ट चालू आहे का, किती डेटा गेला, सीपीयू किती, टेंपरेचर किती. डिव्हाइस उत्तर देतं. हे यूडीपी १६१ पोर्टवर चालतं. डिव्हाइस स्वतःहून ओरडतं त्याला ट्रॅप म्हणतात, तो १६२ वर येतो. पहिलं व्हर्जन १९८८ मधलं, व्हीटूसी (म्हणजे व्हर्जन २सी) १९९६ मधलं, आणि व्हीथ्री (व्हर्जन ३) २००२ च्या डिसेंबरमध्ये पूर्ण स्टँडर्ड झालं. म्हणजे व्हीथ्री काही नवीन नाहीये, वीस वर्षं उलटून गेलीत.

व्हीटूसी इतकी वर्षं व्यवस्थित चालतंय, मग व्हीथ्री कशाला?

कारण व्हीटूसीमध्ये पासवर्ड असा नसतोच. कम्युनिटी स्ट्रिंग नावाचा एक शब्द असतो आणि तो प्रत्येक पॅकेटमध्ये उघडा जातो, एनक्रिप्शन वगैरे काही नाही.

एका पतसंस्थेत स्विच बदलायला गेलो होतो, तिथल्या साहेबांचं म्हणणं होतं की आम्ही आधीपासून असलेली ‘पब्लिक’ ही स्ट्रिंग बदलून चांगली चौदा अक्षरी अवघड स्ट्रिंग ठेवलीय, आता काळजी नाही. मी स्विचचा एक पोर्ट मिरर केला (म्हणजे त्यावरून जाणाऱ्या पॅकेट्सची नक्कल दुसऱ्या पोर्टवर काढली), तिथे लॅपटॉप लावला, टीसीपीडंप (पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्राम) चालू केलं आणि १६१ चा फिल्टर टाकला. त्यांचं पोलिंग दर मिनिटाला होतं. मिनिट पूर्ण व्हायच्या आत ती चौदाच्या चौदा अक्षरं स्क्रीनवर होती, आणि पुढच्या दोन सेकंदांत तीच स्ट्रिंग बावीस वेळा, कारण त्यांच्याकडे बावीस डिव्हाइसेस होते आणि सगळ्यांना एकच. साहेब काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले हे आजच बदलू. स्ट्रिंग अवघड असून उपयोग नाही हो, ती उघडी जातेय हा प्रॉब्लेम आहे.

आमचं नेटवर्क आतलंच आहे, बाहेरून कोणाला दिसत नाही. तरी करायचं का?

करायचं. एकतर आतलं म्हणजे फक्त आपली माणसं असं नसतं, एखाद्या लॅपटॉपवर मेलमधून काहीतरी शिरलं की तो आतलाच झाला. दुसरं म्हणजे ‘बाहेरून दिसत नाही’ हे तपासलेलं नसतं. ऑफिसच्या बाहेरून, मोबाइलच्या नेटवरून आपल्या पब्लिक आयपीवर १६१ उघडा आहे का ते एकदा बघाच. यूडीपी असल्यामुळे साधं पोर्ट स्कॅन त्याला पकडत नाही, यूडीपीचं स्कॅन वेगळं करावं लागतं आणि तिथेच बरेच जण फसतात.

हे नुसतं घाबरवायला सांगत नाहीये. २०२३ च्या एप्रिलमध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणांनी एकत्र इशारा दिला होता की एपीटी२८ नावाच्या रशियन गटाने २०२१ मध्ये सिस्को राउटरमध्ये एसएनएमपीमधूनच शिरकाव केला. कारणं दोन, सहज ओळखता येणारी कम्युनिटी स्ट्रिंग आणि २०१७ मध्येच जाहीर झालेलं एक भोक, ज्याचा पॅच कितीतरी लोकांनी टाकलाच नव्हता. चार वर्षं पॅच हाताशी होता!

पण आमचं रीड-ओन्ली आहे, कोणी वाचलं तर काय बिघडतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. रीड-ओन्लीतून काय काय वाचता येतं ते एकदा स्वतः बघा. इंटरफेसची यादी, आयपी, राउटिंग टेबल, एआरपी टेबल (म्हणजे कोण कुठे जोडलंय त्याचा अख्खा नकाशा), ऑपरेटिंग सिस्टिमचं व्हर्जन, आणि लिनक्स सर्व्हर असेल तर चालू असलेल्या प्रोसेसेसची यादी, नुसती नावं नाही तर कमांडला दिलेली आर्ग्युमेंट्ससुद्धा.

एका ठिकाणी रात्रीचा बॅकअप एका शेल स्क्रिप्टने चालायचा आणि डेटाबेसचा पासवर्ड त्या स्क्रिप्टला कमांड लाइनवरच दिलेला होता. बॅकअप चालू असताना मी एसएनएमपीवॉक (एका शाखेखालची सगळी माहिती वाचणारी कमांड) मारला होस्ट रिसोर्सच्या झाडावर (सर्व्हरच्या स्वतःच्या माहितीची शाखा), आणि प्रोसेसच्या आर्ग्युमेंटच्या रांगेत तो पासवर्ड जसाच्या तसा. लॉगिन नाही, हॅकिंग नाही, एक साधी वाचायची विनंती. म्हणून व्ह्यू (काय वाचता येईल याची ठरवलेली हद्द) लावायचा असतो, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आणि रीड-राइट असेल तर?

तर ती स्ट्रिंग म्हणजे ॲडमिनचाच पासवर्ड समजा. सिस्कोच्या जुन्या-नव्या कितीतरी डिव्हाइसेसवर एसएनएमपीने ‘तुझं कॉन्फिग या टीएफटीपी सर्व्हरला पाठव’ असं सांगता येतं (टीएफटीपी म्हणजे पासवर्डशिवाय फाइल पाठवायची साधी पद्धत), उलट दिशेने नवीन कॉन्फिग आत घालताही येतं. लिनक्सवर नेट-एसएनएमपीमध्ये एक्स्टेंड नावाची सोय आहे, स्क्रिप्ट चालवून तिचं उत्तर देणारी. नेट-एसएनएमपीच्या जुन्या व्हर्जनवर रीड-राइट हक्क असेल तर बाहेरून नवीन एक्स्टेंड घालून सर्व्हरवर वाटेल ती कमांड चालवता येते, आणि डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) रूटने (सगळे हक्क असलेल्या युजरने) चालत असेल तर ती रूटनेच चालते.

कोणी म्हणेल आम्ही एसीएल लावलीय, फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या आयपीवरून परवानगी आहे. पण यूडीपीमध्ये पाठवणाऱ्याचा आयपी खोटा घालता येतो, आणि लिहायची विनंती असेल तर हल्लेखोराला उत्तर परत मिळायची गरजच नसते, कॉन्फिग त्याच्या टीएफटीपीवर आपोआप पोचतं. त्यामुळे व्हीटूसी आणि रीड-राइट ही जोडी कुठेही दिसली की आधी ती काढा, बाकीचं मग.

व्हीथ्रीमध्ये तीन लेव्हल दिसतात, कुठली घेऊ?

ऑथप्रिव्ह. नोऑथनोप्रिव्हमध्ये फक्त युजरनेम असतं, पासवर्ड नाही, म्हणजे व्हीटूसीच्याच जवळपास. ऑथनोप्रिव्हमध्ये पाठवणारा खरा आहे हे तपासलं जातं पण मजकूर उघडा. ऑथप्रिव्हमध्ये दोन्ही होतं. ऑथसाठी शा-२५६ मिळत असेल तर तेच घ्या, जुन्या डिव्हाइसवर शा-१ वर भागवावं लागतं. प्रिव्हसाठी एईएस-१२८. एमडी५ आणि डीईएस नको.

दोन पासवर्ड लागतात, ऑथचा वेगळा आणि प्रिव्हचा वेगळा, कमीत कमी आठ अक्षरं लागतात पण आठवर थांबू नका. कोणी एक पॅकेट पकडून घरी नेलं तर त्यावर बसून पासवर्ड एकेक करून घालून बघता येतो, त्यामुळे वीस-पंचवीस अक्षरी ठेवा, तसंही तो रोज टाइप करायचा नाहीये. आणि युजरनेम मात्र व्हीथ्रीमध्येही उघडंच जातं, तेव्हा त्यात कंपनीचं किंवा माणसाचं नाव घालू नका.

लिनक्स सर्व्हरवर व्हीथ्री कसं लावायचं?

नेट-एसएनएमपीचं पॅकेज टाका आणि डीमन लगेच बंद करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. युजर बनवायची ओळ, म्हणजे क्रिएटयूजर, ही ईटीसीमधल्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये नाही तर व्हार-लिबखालच्या त्याच नावाच्या फाइलमध्ये जाते, डेबियन-उबंटूवर तो फोल्डर एसएनएमपी नावाचा आहे आणि रेड हॅटच्या घराण्यात नेट-एसएनएमपी नावाचा. डीमन बंद होताना ही फाइल नव्याने लिहितो, त्यामुळे तो चालू असताना तुम्ही ओळ घातली आणि रीस्टार्ट केलं की तुमची ओळ गायब. ‘मी युजर बनवला पण तो नाहीच’ अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच निघतं. बंद असताना घातलीत तर चालू होताना डीमन तो पासवर्ड वाचतो, त्यापासून किल्ली (की) तयार करतो आणि साध्या अक्षरातली ओळ पुसून टाकतो. तीच ओळ मुख्य फाइलमध्ये घातलीत तर पासवर्ड तिथे कायम उघडा पडून राहतो.

मग मुख्य फाइलमध्ये तीन गोष्टी. पहिली म्हणजे कम्युनिटीच्या सगळ्या ओळी काढा, रेड हॅटवर पहिल्यापासून पब्लिक असते, ती पण. दुसरी, आरओयूजरची (फक्त वाचणाऱ्या युजरची) ओळ, आणि त्यात युजरच्या नावापुढे प्रिव्ह हा शब्द लिहाच. तो नाही लिहिला तर डिफॉल्ट ऑथ धरलं जातं, म्हणजे एनक्रिप्शन न करता आलेली विनंतीही सर्व्हर स्वीकारतो, आणि तुमचं मॉनिटरिंग प्रिव्हने चालू असल्यामुळे हे कधी लक्षातच येत नाही. तिसरी, व्ह्यू. सिस्टिम, इंटरफेस, डिस्क, मेमरी, लोड एवढं द्या, प्रोसेसची आर्ग्युमेंट्स वगळा.

ऐकायचा पत्ता पण बघा. डेबियनवर सुरुवातीला डीमन फक्त लोकलहोस्टवर ऐकतो, लोक वैतागून त्याला सगळ्या इंटरफेसवर सोडून देतात. तसं न करता मॅनेजमेंटचा जो आयपी आहे तेवढाच द्या, आणि फायरवॉलमध्ये १६१ फक्त मॉनिटरिंग सर्व्हरला उघडा.

सिस्को स्विचवर क्रम काय?

आधी एसीएल, मग व्ह्यू, मग ग्रुप, मग युजर. ग्रुप बनवताना व्हीथ्री प्रिव्ह, रीडला तुमचा व्ह्यू, आणि शेवटी ती एसीएल जोडायची. राइटचा व्ह्यू द्यायचाच नाही. व्ह्यूमधून युजर, व्हॅकम (कोणाला काय दिसेल ते ठरवणारं) आणि कम्युनिटी यांची टेबलं वगळा, म्हणजे एसएनएमपीतूनच एसएनएमपीच्या सेटिंग वाचता येणार नाहीत. मोठा राउटर असेल तर राउटिंग टेबलही वगळा, कोणी पूर्ण वॉक मारला तर सीपीयू चढतो.

एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा. व्हीथ्रीचा युजर रनिंग कॉन्फिगमध्ये दिसत नाही. शो एसएनएमपी युजर म्हटलं तरच दिसतो. त्यामुळे स्विच जळाला, नवीन आणला, बॅकअपमधलं कॉन्फिग पेस्ट केलं, सगळं सुरू झालं, फक्त मॉनिटरिंग लाल. कारण बॅकअपमध्ये युजरची ओळ कधी नव्हतीच. पासवर्ड मॅनेजरमध्ये ती पूर्ण ओळ लिहून ठेवा.

युजर बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी टाइमआउट येतोय!

एईएस-२५६ घेतलंय का? व्हीथ्रीच्या स्टँडर्डमध्ये एईएस-१२८ च आहे. १९२ आणि २५६ साठी लागणारी लांब किल्ली कशी बनवायची याच्या दोन वेगळ्या पद्धती बाजारात आल्या, त्यातली एक सिस्कोने उचलली. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी पद्धत असेल तर पासवर्ड अक्षर न अक्षर जुळूनही काही उलगडत नाही. झॅबिक्स या मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणूनच एईएस-२५६ आणि एईएस-२५६-सी असे दोन पर्याय दिसतात, सिस्कोसाठी सीवाला घेऊन बघा. मी स्वतः वेगवेगळ्या कंपन्यांचे डिव्हाइस एकत्र असतील तिथे १२८ च ठेवतो.

‘टाइम विंडोमध्ये नाही’ असा एरर येतो, एनटीपी (घड्याळं जुळवणारी सोय) बिघडलंय का?

नाही, आणि यावर लोकांचे तासन् तास जातात म्हणून नीट सांगतो. व्हीथ्री भिंतीवरचं घड्याळ बघतच नाही. प्रत्येक डिव्हाइसच्या एसएनएमपी इंजिनला एक इंजिन आयडी असतो, ते कितीदा सुरू झालं याचा आकडा असतो आणि सुरू झाल्यापासूनचे सेकंद असतात. मॉनिटरिंग सर्व्हर हे लक्षात ठेवतो आणि १५० सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला की पॅकेट नाकारलं जातं, जुनं पॅकेट पकडून कोणी परत पाठवू नये म्हणून.

आता व्हीएमचं (व्हर्च्युअल मशीनचं) काय होतं बघा. तुम्ही एक छान टेम्प्लेट बनवलं, त्यात एसएनएमपी लावून ठेवलं आणि त्यावरून दहा व्हीएम काढले. दहाही जणांचा इंजिन आयडी एकच! मॉनिटरिंगला वाटतं हा एकच डिव्हाइस आहे आणि ह्याचे सेकंद सारखे पुढे-मागे होतायत. मग कधी हा हिरवा कधी तो, ग्राफला भोकं, आणि एकेक सर्व्हर हाताने तपासला तर सगळे ठीक. उपाय सोपा आहे, क्लोनवर डीमन बंद करा, व्हार-लिबखालच्या त्या फाइलमधून जुन्या इंजिन आयडीची आणि युजरची ओळ काढा, युजर परत घाला, सुरू करा. युजर परत घालावाच लागतो कारण किल्ली ही पासवर्ड आणि इंजिन आयडी दोन्ही मिळून बनते, आयडी बदलला की जुनी किल्ली निकामी. याचा फायदाही आहे, एका डिव्हाइसवरून किल्ली चोरली तरी ती दुसऱ्यावर चालत नाही.

ट्रॅप येत नाहीत.

व्हीथ्रीच्या ट्रॅपमध्ये इंजिन आयडी पाठवणाऱ्याचा लागतो. म्हणजे ट्रॅप घेणाऱ्या सर्व्हरवर त्या त्या डिव्हाइसचा इंजिन आयडी देऊन युजर बनवायचा. इन्फॉर्म वापरलंत तर घेणाऱ्याचा आयडी चालतो आणि पोचपावतीही मिळते, डिव्हाइसला जमत असेल तर इन्फॉर्मच लावा.

जुना यूपीएस आहे, व्हीथ्री नाहीच त्यात. विंडोज सर्व्हरचं काय?

यूपीएस, जुने प्रिंटर, सीसीटीव्हीचे स्वस्त स्विच यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरच्या वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) टाका, जिथे मॉनिटरिंग सर्व्हरशिवाय कोणी पोचत नाही. रीड-ओन्ली, वेगळी स्ट्रिंग, आणि ती स्ट्रिंग दुसरीकडे कुठेही वापरायची नाही. विंडोजच्या स्वतःच्या एसएनएमपी सर्व्हिसमध्ये व्हीथ्री नाही, तिथे एजंट (मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हरवर बसणारा छोटा प्रोग्राम) टाका.

एजंट असेल तर सुरक्षितच ना?

आपोआप नाही. झॅबिक्स एजंट सुरुवातीला साध्या अक्षरातच बोलतो, टीएलएस (एनक्रिप्शन) तुम्ही चालू करायचं, सर्टिफिकेट किंवा पीएसके (दोन्हीकडे आधीच ठेवलेली गुप्त किल्ली) देऊन. पीएसके प्रत्येक सर्व्हरला वेगळी. एजंटमधून कमांड चालवायची सोय मुळात बंद असते, कोणाच्या सांगण्यावरून उघडू नका. प्रोमिथियस या मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरचा नोड एक्स्पोर्टर (सर्व्हरची माहिती देणारा प्रोग्राम) ९१०० पोर्टवर कोणालाही, पासवर्ड न विचारता सगळं सांगतो, त्याला वेब कॉन्फिग फाइल देऊन टीएलएस आणि पासवर्ड लावता येतो पण ते कोणी लावत नाही. लावा, आणि फायरवॉल पण.

मॉनिटरिंग सर्व्हर स्वतः किती जपायचा?

सगळ्यात जास्त. तुमच्या सगळ्या डिव्हाइसेसचे पासवर्ड त्याच्याकडे, सगळीकडे जायची वाट त्याला उघडी, आणि अलर्ट देणारा पण तोच. २०२० च्या डिसेंबरमध्ये सोलरविंड्स कंपनीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा हेच दिसलं, मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच मागचं दार आलं होतं आणि सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत ते अपडेट पोचलं. कॅक्टी या मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही २०२२ च्या शेवटी लॉगिन न करता कमांड चालवता येईल असं भोक सापडलं होतं. तेव्हा त्याचं वेब पान इंटरनेटवर उघडं ठेवू नका, घरून बघायचं तर व्हीपीएनने. दोन पायऱ्यांचं लॉगिन. आणि त्या सर्व्हरला इंटरनेटवर बाहेर जायलाही मोजक्याच जागा उघड्या ठेवा, हे सहसा राहून जातं.

लॉग किती दिवस ठेवायचे?

भारतात सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात आणि ठरवून दिलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. घड्याळं एनटीपीने जुळलेली हवीत, इथे मात्र खरंच लागतात. सिसलॉग, म्हणजे डिव्हाइसचे लॉग, साध्या यूडीपी ५१४ वर पाठवण्यापेक्षा टीएलएसने ६५१४ वर पाठवा, आणि ऑथ फेल झाल्याच्या नोंदींवर अलर्ट लावा. मॉनिटरिंग सर्व्हर सोडून दुसऱ्याच आयपीवरून चुकीच्या पासवर्डने कोणी १६१ ठोठावत असेल तर ते त्याच दिवशी कळलं पाहिजे.

चालू नेटवर्क बंद न पाडता बदल कसा करायचा, आणि झालं हे कसं कळणार?

एका दिवसात सगळं नको. आधी व्हीथ्री जुन्याच्या शेजारी उभं करा, मॉनिटरिंगमध्ये एकेक डिव्हाइस व्हीथ्रीवर न्या, आठवडाभर ग्राफ बघा, मग व्हीटूसी काढा. हे शेवटचं काढणं बहुतेक ठिकाणी राहून जातं आणि मग नवीन कुलूप लावून जुनं दार तसंच उघडं.

तपासताना चार प्रश्न मारायचे. जुन्या कम्युनिटीने विचारा, उत्तर येता कामा नये. पब्लिकने विचारा. नवीन युजरने पण प्रिव्ह न देता विचारा, इथेच लिनक्सवर तो विसरलेला शब्द पकडला जातो. आणि बरोबर युजर, बरोबर पासवर्ड घेऊन रिसेप्शनवरच्या पीसीवरून विचारा. चारही वेळा माहिती म्हणून काहीच आलं नाही तर पुन्हा मिरर पोर्टला लॅपटॉप लावा आणि टीसीपीडंप बघा. त्या पतसंस्थेत आम्ही हे आठव्या दिवशी केलं, बावीस डिव्हाइसेस, आणि स्क्रीनवर युजरनेम सोडून वाचता येईल असं काही नव्हतं. एकवीस डिव्हाइसेसचं. बाविसावा जुना यूपीएस होता, तो संध्याकाळी वेगळ्या व्हीलॅनमध्ये गेला.